पाणी निवळेना? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे गढूळ पाण्याचे प्रश्न येऊ लागतात. यंदा त्यांत खडी-क्रशर, पायलिंगच्या (इमारतीच्या पायासाठी खोल खांब घालण्याच्या) साइट आणि ईटीपी (कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट) चालवणाऱ्यांचा भरणा अधिक आहे. बहुतेकांची तक्रार एकच: ‘पॉली’, म्हणजे गाळ बसवायची पॉलिॲक्रिलामाइडची पावडर, टाकतो, तरी गाळ बसत नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावे छापलेली नाहीत, फक्त ठिकाणे दिली आहेत.

प्रश्न : आमचे क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, धुण्याचे युनिट आहे. वाळू दोन मिनिटांत तळाला जाते, पण धुवणाचे करडे पाणी तीन टाक्यांतून फिरवले तरी तसेच राहते. दगड तोच असताना असे का? विक्रेता म्हणतो, पॉली वाढवा. वाढवावी का? (शिळफाटा)

दगड तोच आहे, माप वेगळे आहे. बारीक कण पाण्यात किती वेगाने खाली जाईल हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरते. व्यास दहापट घटला की वेग शंभरपट घटतो. आपल्याकडच्या काळ्या दगडाची घनता पाण्याच्या २.८५ पट धरून हिशेब केला, तर संथ पाण्यात १ मीटर खाली जायला १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणाला सुमारे २ मिनिटे लागतात, १० मायक्रॉनच्या कणाला पावणेतीन तास आणि १ मायक्रॉनच्या कणाला साडेअकरा दिवस. तुमच्या टाकीतले पाणी साडेअकरा दिवस सोडा, साडेअकरा मिनिटेही संथ राहत नसेल. एका बाजूने पाणी येते, दुसऱ्या बाजूने जाते, वरून ऊन तापवते. एवढ्या हालचालीवर १ मायक्रॉनचा कण आरामात तरंगत राहतो. म्हणून चौथी टाकी बांधून उपयोग नाही.

मग हे कण एकमेकांना चिकटून मोठे का होत नाहीत? कारण दगडाच्या भुकटीच्या आणि चिकणमातीच्या कणांवर साध्या पाण्यात ऋण भार असतो. सगळ्यांवर एकाच जातीचा भार, त्यामुळे दोन कण जवळ आले की एकमेकांना लोटतात. मोठ्या कणाचे वजन या लोटण्याला जुमानत नाही, बारीक कणाला मात्र वजनच नसते. त्यात खाणीच्या वरच्या थरातला मुरूम क्रशरमध्ये गेला असेल तर दुखणे आणखी वाढते. बेसाल्ट कुजून जी चिकणमाती होते ती पाण्यात फुगते आणि तिच्या पापुद्र्यांची जाडी मायक्रॉनच्याही खाली असते. क्रशरच्या आधी मुरूम चाळून काढला तर पॉलीचा खर्च तिथेच कमी होतो. हा उपाय कुणी विकत नाही, म्हणून कुणी सांगतही नाही.

पॉली म्हणजे पॉलिॲक्रिलामाइड, एक अतिशय लांब रेणू. दगडाच्या भुकटीसाठी वापरतात त्या प्रतीचे रेणुभार १ ते २ कोटींच्या घरात असतात. दीड कोटी रेणुभाराची एक साखळी सरळ ताणून धरता आली असती, तर ती ५० मायक्रॉनच्या आसपास भरली असती, म्हणजे बारीक केसाच्या जाडीइतकी. पाण्यात ती ताठ नसते, सैल गुंडाळीसारखी पसरलेली असते. तिचा एक भाग एका कणाला चिकटतो, मोकळी टोके पाण्यात लोंबतात आणि दुसऱ्या कणाला पकडतात. असे शेकडो कण एका धाग्यात ओवले गेले की डोळ्यांना दिसणारा पुंजका होतो, प्लँटच्या भाषेत ‘फ्लॉक’. फ्लॉक सच्छिद्र आणि पाणीदार असला तरी मापाने मिलिमीटरभर असतो, आणि खेळ मापाचाच आहे.

कण ऋण आणि तुमची पॉली बहुधा ॲनायॉनिक, म्हणजे तीही ऋण. मग चिकटते कशी, हे बऱ्याच जणांना कोडे वाटते. साखळीवर दर शंभरातल्या साधारण २०-३० कड्याच भारित असतात, बाकीच्या तटस्थ कड्या कणाच्या पृष्ठभागाला हायड्रोजन बंधाने धरतात. पाण्यात कॅल्शियम असेल तर तो दोन्ही ऋण बाजूंच्या मध्ये उभा राहून दुवा जोडतो. साखळीवरच्या ऋण कड्या एकमेकींना लोटत असल्यामुळे ती गुंडाळी पसरलेली राहते आणि लांबवर पोचते. धन भाराची कॅटायॉनिक पॉली मुख्यतः एसटीपीच्या, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या, जैविक गाळासाठी असते. दगडाच्या भुकटीला ती महाग पडते आणि बहुधा गरजही नसते.

आता वाढवावी का? आधी हिशेब करा. समजा तासाला २० घनमीटर धुवण येते आणि त्यात लिटरला ३० ग्रॅम सुकी भुकटी आहे. म्हणजे तासाला ६०० किलो भुकटी. अशा भुकटीला टनामागे १० ते ५० ग्रॅम पॉली हा नेहमीचा पल्ला, मुरूम जास्त असेल तर त्याहून अधिक. टनामागे ४० ग्रॅम धरले तर तासाला २४ ग्रॅम कोरडी पॉली, म्हणजे ०.१ टक्क्याचे द्रावण २४ लिटर. तुम्ही आजच याहून बरेच जास्त टाकत असाल आणि तरीही पाणी करडे असेल, तर डोस वाढवू नका. खोट द्रावणात आहे किंवा टाकण्याच्या जागेत.

जागेबद्दल दोनच गोष्टी. पॉली पंपाच्या सक्शनला कधीही सोडू नका, पंपाचे पाते तयार फ्लॉकचे तुकडे करते. तुटलेला फ्लॉक पुन्हा तसाच बांधला जात नाही, कारण तुटताना साखळ्याही तुटलेल्या असतात. आणि सगळा डोस एका जागी ओतू नका. टाकीत पडण्याआधीच्या पन्हळीत दोन-तीन ठिकाणी वाटून सोडा. पहिल्या थेंबापासून टाकीपर्यंत १० ते ३० सेकंदांचा प्रवास मिळाला की पुरे.

प्रश्न : पावडर पाण्यात टाकली की जेलीसारख्या गाठी होतात, डोसिंग पंप तुंबतो. गरम पाणी, जोराचा मिक्सर, सगळे करून पाहिले. द्रावण करण्याची बिनचूक पद्धत सांगा. (रबाळे)

गाठ होते ती अशी: पावडरचे दाणे एकगठ्ठा पाण्यात पडले की बाहेरचे दाणे लगेच फुगून चिकट कवच बनवतात आणि आतली पावडर कोरडीच राहते. त्या कवचातून पाणी आत जात नाही. तासभर घुसळा किंवा रात्रभर ठेवा, गाठ गाठच राहणार. ती पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकते, पण खरे नुकसान वेगळे आहे. त्या गाठीतली पॉली तुम्ही विकत घेतली आणि वापरलीच नाही. वरून दिसते की डोस पुरत नाही, मग आणखी पावडर, आणखी गाठी.

म्हणून प्रत्येक दाणा एकटा भिजला पाहिजे. ५०० लिटरच्या टाकीसाठी असे करा.

टाकी प्लॅस्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची हवी. गंजलेली लोखंडी टाकी नको, पाण्यात उतरलेले लोह साखळ्या तोडते. पाणी स्वच्छ आणि कमी क्षाराचे घ्या. खाडीकाठच्या बोअरचे मचूळ पाणी किंवा प्लँटचे फिरवलेले पाणी यासाठी चालत नाही, जास्त क्लोरिनचेही नाही. आधी टाकी सुमारे ४०० लिटर भरा, मिक्सर सुरू करा. पाते मोठे आणि वेग कमी, मिनिटाला २०० फेऱ्यांच्या आत. पाण्यात भोवरा दिसला पाहिजे, पण फेस नको. ५०० ग्रॅम पावडर कोरड्या भांड्यात मोजून घ्या आणि भोवऱ्याच्या उतारावर, रांगोळी चाळणीतून भुरभुरवावी तशी, १० मिनिटे घेऊन टाका. हात ओला असेल तर गाठी हातातच तयार होतात, म्हणून हातमोजे कोरडे हवेत. पावडर संपली की उरलेले पाणी भरा आणि ४५ ते ६० मिनिटे तसेच फिरू द्या. मग मिक्सर बंद. द्रावण ०.१ टक्क्याचे झाले.

पाणी थंड असेल तर वेळ थोडा वाढतो. कोमट केले तर चालते, पण ५० अंशांच्या वर नेऊ नका. जोराचा मिक्सर, ग्राइंडर किंवा सेंट्रिफ्युगल पंपाने फिरवणे मात्र पूर्ण टाळा. गाठी कमी झाल्यासारख्या दिसतात खऱ्या, पण साखळ्यांचे तुकडे होतात आणि द्रावण पाण्यासारखे पातळ पडते. पॉलीचे सगळे बळ लांबीत आहे. द्रावण टाकीकडे न्यायला स्क्रू पंप किंवा डायाफ्राम पंप वापरा.

झाले की नाही हे बघायला प्रयोगशाळा नको. लाकडी काठी बुडवून वर घ्या: थेंब टपकन न पडता तार धरून खाली उतरला पाहिजे. एक तांब्या द्रावण चहाच्या गाळणीतून ओता. गाळणीत माशाच्या डोळ्यांसारख्या पारदर्शक गाठी उरल्या तर पावडर टाकण्याचा हात चुकला.

वापरताना हे द्रावण आणखी पाचपट पातळ करा, म्हणजे ०.०२ टक्के. वरच्या उदाहरणात तासाला २४ लिटर द्रावणात ९६ लिटर साधे पाणी ओळीतच मिसळायचे. दाट द्रावण पडले त्या जागच्या कणांना मिठी मारून बसते, बाकीच्यांपर्यंत पोचतच नाही. पातळ केलेले त्याच दिवशी संपवा. ०.१ टक्क्याचे दुसऱ्या दिवशीपर्यंत ठीक, पुढे त्याची ताकद उतरत जाते. शनिवारी करून सोमवारी वापरू नका.

एक सूचना आपल्या हवेसाठी. जुलैत २५ किलोची गोणी उघडी राहिली की पावडर दमट होऊन ढेकळे धरते, आणि ढेकूळ म्हणजे आयती गाठ. उघडलेली गोणी घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा, गोणी जमिनीवर नको.

प्रश्न : तीन पुरवठादारांनी पॉलीचे पाच नमुने दिले आहेत, प्रत्येकाचा आपलाच उत्तम. कसे निवडावे? जार टेस्टचे (सारख्या भांड्यांत वेगवेगळे डोस ढवळून बघण्याचे) यंत्र नाही. (पावणे)

तुमच्या पाण्यात भुकटी दाट असेल, म्हणजे लिटरमागे दहा-वीस ग्रॅम किंवा अधिक, तर जार टेस्टच्या यंत्राची गरजच नाही. १ लिटरची मोजनळी, पिचकारी आणि मोबाईलचे घड्याळ एवढ्यावर भागते.

पहिली अट: पाणी त्याच दिवशीचे, चालू प्लँटमधून घेतलेले. कालच्या बादलीतले नाही. दुसरी अट: पाचही नमुन्यांची ०.०२ टक्के द्रावणे एकाच पद्धतीने, एकाच दिवशी केलेली. पुरवठादाराने बाटलीत भरून आणलेले द्रावण नको, ते कधीचे आहे कळत नाही.

मोजनळी १ लिटरपर्यंत भरा. लिटरला ३० ग्रॅम भुकटी असेल तर ०.०२ टक्के द्रावणाचे ६ मिली म्हणजे टनामागे ४० ग्रॅम. निम्मे टाका, नळीचे तोंड बंद करून सावकाश दोनदा उलटीसुलटी करा, उरलेले टाका, पुन्हा तीनदा. प्रत्येक नमुन्याला तितक्याच वेळा, तितक्याच वेगाने. इथे हात बदलला की निकाल बदलतो, म्हणून एकाच माणसाने सगळ्या नळ्या कराव्यात. मग नळी टेबलावर ठेवा. वरच्या निवळ पाण्याची आणि खालच्या गाळाची सीमा ठळक दिसू लागते. ती ९०० च्या खुणेवरून ६०० वर यायला किती सेकंद लागले ते लिहा. या दोन खुणांमधले अंतर पट्टीने मोजा, नेहमीच्या नळीत १०-११ सेंटिमीटर भरते. १०.५ सेंटिमीटरला ७५ सेकंद लागले तर वेग ताशी ५ मीटर. तुमच्याकडे तासाला २० घनमीटर पाणी येत असेल तर या वेगाला टाकीचे पृष्ठफळ कागदावर ४ चौरस मीटर लागेल. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरा, कारण टाकीतले पाणी नळीतल्यासारखे शांत नसते.

मग त्याच नमुन्याचे २, ४, ६, ८, १० मिली करून बघा. वेग आधी झपाट्याने वाढतो आणि मग वाढायचा थांबतो. जिथे थांबतो त्याच्या जरा अलीकडचा डोस घ्या.

वेगाबरोबर आणखी दोन गोष्टी बघा: वरचे पाणी किती स्वच्छ आहे, आणि अर्ध्या तासाने तळाचा साका किती मिली आहे. सगळ्यात वेगाने बसणारी पॉली अनेकदा कापसासारखे मोठे, फुगीर पुंजके करते. ते लवकर बसतात, पण पोटात पाणी धरून ठेवतात, आणि पुढे फिल्टर प्रेसमध्ये, म्हणजे गाळ कापडात दाबून पाणी काढण्याच्या यंत्रात, केक (दाबलेल्या गाळाची वडी) ओलाच निघतो. प्रेस असेल तर थोडा हळू बसणारा पण घट्ट साका देणारा नमुना चांगला. भाव किलोचा बघू नका, ‘टन भुकटीमागे किती रुपये’ असा बघा.

तुमचे पाणी फिकट गढूळ असेल, म्हणजे भुकटी लिटरमागे ग्रॅमच्याही खाली, तर ही मोजनळी कामाची नाही, कारण सीमाच दिसत नाही. तिथे आधी तुरटी किंवा पॅक (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) देऊन कणांवरचा भार मारावा लागतो, पॉली नंतर. सहा काचेची भांडी, प्रत्येकात १ लिटर. तुरटीचे १ टक्क्याचे द्रावण केले की त्याचा १ मिली म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. १०, २०, ३० असे डोस, मिनिटभर जोरात ढवळणे, मग पॉली, मग १०-१५ मिनिटे अगदी सावकाश, मग अर्धा तास स्वस्थ. क्रम उलटा केला तर निकाल वाईट येतो आणि लोक पॉलीला नावे ठेवतात.

प्रश्न : पॉली वाढवल्यावर पहिले दोन दिवस पाणी काचेसारखे झाले. आता वाळूच्या चाळणीची जाळी चिकट होते, प्रेसचे कापड धुतले जात नाही, गाळ टाकीत तरंगतो. (तुर्भे)

डोस जास्त झाला आहे. कणाच्या पृष्ठभागाचा काही भाग मोकळा असेल तरच दुसऱ्या कणावरून आलेला धागा तिथे बसू शकतो. सगळा पृष्ठभाग पॉलीने झाकला की धागा धरायला जागा उरत नाही, कण पुन्हा सुटे होतात. शिवाय जी पॉली कणाला चिकटली नाही ती निवळ पाण्यात उरते. तुम्ही तेच पाणी वाळू धुवायला फिरवता, त्यामुळे ती जाळीवर, कापडावर, सगळीकडे साचत जाते. पहिले दोन दिवस चांगले गेले ते यामुळेच, साठा व्हायला वेळ लागतो.

खात्री करायची असेल तर फिरवलेले निवळ पाणी एका बाटलीत घ्या, दुसरीत नळाचे. दोन्हींत सारखीच चमचाभर कोरडी डस्ट (दगडाची भुकटी) टाकून हलवा. पहिल्या बाटलीतली डस्ट पॉली न घालताही भराभर पुंजके करून बसली, तर पाण्यात पॉली उरली आहे. बोटांवर चोळून बुळबुळीत लागत असेल तर बाटलीचीही गरज नाही.

डोसिंग काही तास पूर्ण बंद ठेवा. उरलेली पॉली नवी भुकटी वापरून टाकेल. मग मोजनळीतल्या आकड्याच्या निम्म्यापासून सुरू करा. आणि डोस घड्याळाप्रमाणे नव्हे, भुकटीप्रमाणे द्या. क्रशर अर्ध्या क्षमतेवर चालत असताना पंप पूर्ण वेगाने पॉली सोडत राहतो, हे याचे नेहमीचे कारण. तळाचा गाळही वेळच्या वेळी काढा. बराच काळ पडून राहिलेला दाट साका बेटासारखा एकसंध होऊन गोल फिरू लागतो आणि रेकच्या (तळाचा गाळ ओढणाऱ्या फिरत्या दाताळ्याच्या) मोटरवर ताण येतो.

एक शंका विचारून घ्या: पाळी बदलताना कुणी ॲनायॉनिकच्या टाकीत कॅटायॉनिक पावडर तर टाकली नाही ना? दोन्ही पांढऱ्या, गोण्या सारख्या. एकत्र आल्या की एकमेकींना बांधून दोरखंडासारखा पांढरा लगदा होतो आणि टाकी रिकामी करून धुण्याशिवाय इलाज नसतो.

प्रश्न : ठाणे खाडीत एवढा चिखल बसतो, तिथे कुणी पॉली टाकत नाही. मग बसतो कसा? (ऐरोली, बारावी विज्ञान)

चांगला प्रश्न. तिथे पॉलीचे काम मीठ करते. कणावरच्या ऋण भाराभोवती पाण्यातल्या धन आयनांचा ढग असतो, आणि हा ढग जितका जाड तितके कण एकमेकांपासून लांब राहतात. गोड्या पाण्यात तो जाड असतो. समुद्राच्या पाण्यात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम भरपूर, त्यामुळे ढग आक्रसतो. कण इतके जवळ येतात की त्यांच्यातले आकर्षण लोटण्यावर मात करते. उल्हास नदीचे काही पाणी मुंब्र्याकडून खाडीत येते. नदीने आणलेला बारीक गाळ खाऱ्या पाण्याला भेटला की पुंजके धरतो आणि भरती-ओहोटीच्या मधल्या संथ वेळात बसतो. जीवजंतूंचा चिकट स्राव त्यात भर घालतो. ज्या दलदलीवर फ्लेमिंगो चरतात, ती या रसायनाची देन आहे. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला तो या पाणथळीसाठीच.

घरी करून बघा: दोन ग्लास, दोन्हींत चिमूटभर चिकणमाती ढवळलेली. एकात चमचाभर मीठ घाला आणि तासाभराने बघा. फरक एवढाच की मिठाचे पुंजके नाजूक असतात, ढवळले की सुटतात आणि थांबले की पुन्हा जुळतात. पॉलीचा पुंजका मजबूत, पण एकदा तुटला की तुटला.

यातून प्लँटवाल्यांनीही एक गोष्ट घ्यावी. खाऱ्या पाण्यात ॲनायॉनिक साखळीवरच्या ऋण कड्यांचे लोटणेही आक्रसते, गुंडाळी आखडते आणि तिची पोच कमी होते. म्हणून द्रावण गोड्या पाण्यात करायचे.

प्रश्न : पायलिंगचे वापरलेले बेंटोनाइट (खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून भरतात ते चिकणमातीचे पाणी) टँकरने पाठवणे परवडत नाही. पॉली टाकून पाणी वेगळे करू पाहिले, काहीच झाले नाही. (सीवूड्स)

होणार नव्हतेच. बेंटोनाइट मुद्दाम असे निवडलेले असते की ते बसू नये. सोडियम बेंटोनाइटचे पापुद्रे पाण्यात पूर्ण सुटे होतात आणि ४-६ टक्क्यांवर पत्त्यांच्या घरासारखी जाळी धरतात. त्या दाट रबडीत पॉलीचे द्रावण मिसळतच नाही.

आधी साधे पाणी घालून ते १-२ टक्क्यांवर आणा. मग विझवलेला चुना. चुन्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि पापुद्रे पुन्हा थप्पी धरतात. १० लिटरच्या तीन बादल्यांत ५, १० आणि १५ ग्रॅम चुना टाकून, चांगले ढवळून, प्रत्येकीत सारखीच पातळ ॲनायॉनिक पॉली द्या. जिथे दह्यासारखे फाटून वर पाणी सुटते, तो डोस. चुन्यामुळे वरच्या पाण्याचा पीएच ११-१२ पर्यंत चढतो, ते तसे सोडता येत नाही. नाल्यात किंवा भूपृष्ठावरच्या पाण्यात सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मानक पीएच ५.५ ते ९ आणि तरंगते घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत असे आहे. तुम्हाला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रात याहून कडक आकडा असेल तर तोच धरा. नवी मुंबईतले पावसाळी नाले धारण तलावांत, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून धरणाऱ्या तलावांत, उतरतात. तिथे बसलेला गाळ शेवटी भरतीच्या दिवशी रस्त्यावर पाणी म्हणून दिसतो.

प्रश्न : सोसायटीत पावसाळ्यात टँकरचे पाणी गढूळ येते. जमिनीखालच्या टाकीत थोडी पॉली टाकली तर? (घोडबंदर रोड)

नको. पॉलीत न जुळलेल्या ॲक्रिलामाइडचा अंश असतो आणि तो आरोग्याला घातक आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. जलशुद्धीकरण केंद्रांत पॉली वापरायची तर पिण्याच्या पाण्यासाठीची खास प्रत, लिटरला मिलिग्रॅमच्या अंशात, आणि पुढे वाळूचे फिल्टर असतात. ईटीपीसाठी आणलेली गोणी ती प्रत नव्हे. सोसायटीच्या टाकीत ना डोस मोजता येतो, ना पुढे फिल्टर असतो.

तुरटी चालेल, पण मोजून. १०,००० लिटरला ३०० ग्रॅम म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम. ती बादलीत पूर्ण विरघळवून, टँकर रिकामा होत असतानाच धारेत सोडा, म्हणजे आपोआप मिसळते. टाकीत खडा फिरवून काही होत नाही. मग तीन-चार तास पंप बंद. फूटव्हॉल्व्ह तळापासून किमान फूटभर वर हवा, नाहीतर बसलेला साकाच तुम्ही वर चढवाल. पावसाच्या पाण्यात क्षारता (आम्ल शमवण्याची ताकद) कमी असते आणि तुरटी ती खाते, म्हणून ‘आणखी एक मूठ’ टाकली की पाणी आंबट होते, पुंजके होत नाहीत आणि ॲल्युमिनियम पाण्यात राहते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) गढूळपणा १ एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक), पर्यायी स्रोत नसेल तर जास्तीत जास्त ५, आणि ॲल्युमिनियम लिटरला ०.०३ मिलिग्रॅम, फार तर ०.२. निवळल्यानंतर क्लोरिन द्यायचेच, नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम राहील इतके. पाणी निवळ दिसले म्हणजे जंतू गेले असे नाही. मात्र गढूळ पाण्यात क्लोरिन वाया जाते, म्हणून क्रम हाच.

महापालिकेच्या नळाला नवी मुंबईत मोरबे धरणाचे भोकरपाड्यात आणि ठाण्यात भातसा नदीचे टेमघरला शुद्ध झालेले पाणी येते. ते गढूळ आले तर तुरटी टाकू नका, वॉर्डात कळवा, बहुधा वाहिनी कुठेतरी फुटलेली असते.

प्रश्न : शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित केली. माती पुढच्या वर्षी वापरायची आहे, पण पाणी दुधाळच राहते. (नौपाडा)

आधी रंगाचा थर जमेल तेवढा खरवडून काढा. मूर्ती पूर्ण विरघळली की जाड कपड्यातून गाळून काड्या-तंतू वेगळे करा. २० लिटरच्या बादलीला एक सपाट चहाचा चमचा तुरटीची पूड, आधी कपभर पाण्यात विरघळवून. मिनिटभर ढवळा, रात्रभर हलवू नका. सकाळी वरचे पाणी नळीने काढून घ्या. खालची माती सुती कापडात बांधून टांगा आणि घट्ट झाल्यावर डब्यात ठेवा. पॉली घातलेली माती मळताना रबरासारखी ओढली जाते, ती मूर्तीला नको.

या कामाला आपल्याकडे जुनी वनस्पतीही आहे. निवळीचे बी मडक्याच्या आतून उगाळत, म्हणून तर तिचे नाव निवळी. त्या बियांच्या अर्कात ऋण भाराच्या लांब साखळ्या असतात आणि त्या धाग्यानेच कण ओवतात. म्हणजे ॲनायॉनिक पॉली आपल्या माठात फार आधीपासून होती. शेवग्याच्या बियांतले प्रथिन मात्र धन भाराचे, ते तुरटीच्या वळणाने काम करते.

प्रश्न : पॉलीची पावडर सांडली, कामगाराने पाणी मारले आणि घसरून पडला. साफ कसे करावे? (वागळे इस्टेट)

पाणी हीच चूक. कोरडी पावडर आधी झाडून, सुपलीने उचलून घ्या, जमिनीवर एक दाणाही राहता कामा नये. ओली झालीच असेल तर त्यावर जाडे मीठ आणि भुसा किंवा वाळू पसरा. मिठाने साखळ्या आखडतात, बुळबुळ कमी होते आणि भुसा ते शोषतो. दहा-पंधरा मिनिटांनी फावड्याने खरवडून पिंपात भरा, गटारात लोटू नका. मगच भरपूर पाण्याने जमीन धुवा आणि वाळेपर्यंत दोरी बांधून ठेवा. गोणी उघडण्याची जागा नळापासून आणि जिन्यापासून दूर ठेवली तर अर्धे काम तिथेच होते.